होल्याचे पीस आणि एक सावध वाक्य

पीस साडेबारा सेंटिमीटर लांब होते. मी ते पट्टीवर दोनदा मोजले, एकदा आले तसे आणि एकदा धुऊन वाळवल्यावर. देठाकडचा बराचसा भाग पाटीसारखा काळपट, टोकाकडचा मळकट पांढरा. धुतल्यावर मळ गेला आणि स्वच्छ पांढरा रंग उरला. कपड्यांच्या साबणाचा वास मात्र राहिला.

ते मला शेजारच्या अक्कांच्या मुलाने आणून दिले होते. रविवारी सकाळी, औषधाच्या गोळ्या देतात तसल्या झिपच्या छोट्या पिशवीत. अक्कांच्या मागच्या बाल्कनीत, वाळत घातलेल्या चादरीवर ते त्याला सापडले होते. तो दारातच उभा राहिला. खाली गाडी चुकीच्या जागी लावली होती.

"आंटी, तुम्ही प्रेसवाले. फॅक्ट चेक करता ना? एवढं बघून सांगा, हे कबुतराचं आहे की दुसऱ्या कशाचं. ॲपला विचारलं तर एकदा कबूतर म्हणतं, एकदा घार."

"घार नक्की नाही," मी म्हणाले.

"बघा, तुम्हाला येतं. मंगळवारी डॉक्टरला सांगायचंय. कबूतर असेल तर अम्माला मी बेळ्ळंदूरला माझ्याकडे नेतो, कायमचं. नसेल तर मग बाल्कनी धुऊन घेऊ, राहू दे इथंच. तिचाही तोच हट्ट आहे."

एवढे सांगून तो गेला. त्या पिसावर काय अवलंबून होते, ते मला त्या क्षणी पूर्ण कळले होते. पुढे जे झाले ते न कळल्यामुळे झाले, असे म्हणायची सोय मला नाही.

मी कोरमंगलामध्ये राहते. इमारत जुनी, चार मजल्यांची. फ्लॅट भावाचा आहे, तो परदेशात असतो. पुण्यातल्या ज्या दैनिकात मी सव्वीस वर्षे डेस्कवर काम केले तिथली माणसे कमी केली, त्यांत मीही होते. भाडे द्यावे लागणार नाही म्हणून इथे आले. आता एका मराठी संकेतस्थळासाठी घरूनच बातम्या तपासते, दुपारी दोन ते रात्री नऊ. दिवसाला दहा-बारा हजार मराठी शब्द नजरेखालून जातात. कानांवर पडणारी मराठी तेवढी अक्कांची होती.

अक्का शेजारच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे. त्यांचे घराणे तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी या बाजूला आले, असे त्या सांगत. मराठी घरात बोलायची, लिहायची-वाचायची कानडी. आमच्या मागच्या बाल्कन्यांमध्ये कमरेएवढी भिंत आणि वर लोखंडी जाळी. सकाळी साडेनऊला त्या कपडे वाळत घालायला यायच्या आणि मी कॉफी घेऊन उभी असायची.

"काय ग पेपरवाली, आज किती मेले?"

"आज कमी आहेत अक्का. एक बस उलटली, पण सगळे वाचले."

"मग ते कशाला छापतील! स्वल्प सरक, ऊन अडवलंस माझं. कपडे वाळायचे हायत, तू नाही."

असे रोज वीसेक मिनिटे. ती वीस मिनिटे वगळली तर काही दिवस असे जात, की दोनपर्यंत माझ्या तोंडून शब्दच निघत नसे. मग कामाचा फोन यायचा आणि पहिल्या वाक्याला घसा खाकरावा लागायचा.

त्या उन्हाळ्यात अक्कांना खोकला सुरू झाला. कोरडा, थांबून थांबून येणारा. भिंतीपलीकडून मला तो ऐकू यायचा. औषधे झाली, काढे झाले. मग मुलाने मोठ्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी इतर प्रश्नांबरोबर घरात कबुतरे येतात का हेही विचारले. कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसे बिघडतात, काही जणांची फारच. आमच्या इमारतीच्या डक्टमध्ये कबुतरे होती, पण तिथे तीन वर्षांपूर्वी जाळी लागली होती. प्रश्न एवढाच होता, की ती अक्कांच्या मागच्या बाल्कनीत शिरतात का. अक्का कबुतराला पारिवाळ म्हणत; त्या म्हणायच्या, पारिवाळ नाही, कसलातरी लहान हक्की येतो, भित्रा. मुलगा म्हणायचा, तुला चष्म्याशिवाय मी तरी ओळखू येतो का. शुक्रवारी तपासण्यांसाठी तो त्यांना आपल्या घरी घेऊन गेला आणि रविवारी कपडे न्यायला परत आला, तेव्हा त्याला ते पीस दिसले.

माझ्याकडे पक्ष्यांचे एक जुने पुस्तक आहे. पुरवणीच्या कामासाठी घेतलेले, परत द्यायचे राहून गेलेले. त्यातली चित्रे चांगली आहेत. पारव्याची, म्हणजे आपल्या नेहमीच्या कबुतराची, शेपटी राखाडी असते आणि तिच्या टोकाशी काळा पट्टा असतो. ठिपकेवाल्या होल्याचे उलट. त्याच्या शेपटीच्या कडेची पिसे मुळाशी काळपट आणि टोकाला पांढरी. होला इथे कुठेही दिसतो, तारेवर, गच्चीवर, कुंडीत. कबुतरापेक्षा लहान आणि सडपातळ, मानेवर काळ्या पट्टीत पांढरे ठिपके.

टेबलावरचे पीस मुळाशी काळपट होते आणि टोकाला पांढरे. अकरा वाजायच्या आत मला उत्तर मिळाले होते.

ते उत्तर मला हवे होते तेच होते. अडचण तिथे सुरू झाली.

डेस्कवर पहिल्या वर्षी जे शिकवतात त्यात एक गोष्ट अशी होती, की ज्या बातमीत आपला काही लाभ आहे ती आपण हातात घ्यायची नाही, दुसऱ्याकडे द्यायची. दुसरा कोणी नसेल तर आपल्याला सोयीचा असेल तो प्रत्येक शब्द संशयाने पाहायचा. आमचे वृत्तसंपादक यात फार कडक होते. एका सहकाऱ्याच्या मामाच्या सोसायटीची बातमी होती, ती त्याने इतकी काटेकोर लिहिली की मामाची बाजूच त्यात राहिली नाही. वृत्तसंपादकांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. ती थाप मी पाहिली होती आणि तशी आपल्यालाही मिळावी असे मला अनेक वर्षे वाटत होते.

म्हणून मी पुन्हा तपासायला बसले. शहरातली कबुतरे निव्वळ रानटी नसतात. त्यांत पाळीव कबुतरांची सरमिसळ असते, पांढरी, कबरी, विटकरी, कसलीही निघतात. मग काळे-पांढरे पीस अशा एखाद्या कबुतराचे असू शकते की नाही? असू शकते. लांबीवरून फरक सांगता येतो का? शेपटीच्या एका सुट्या पिसावरून मला तरी येत नव्हता. मी फोटो काढून पुण्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याला पाठवला. तो निसर्गाची पुरवणी बघायचा. त्याचा लगेच फोन आला.

"होल्याचंच दिसतंय की. आता पाळीव कबुतरांत काय, काहीही निघतं म्हणा. पण तू पिसावर कशाला अडून बसलीस? जाऊन पक्षी बघ ना समोर."

मी दुसरे वाक्य लिहून घेतले. शेवटचे लिहून घेतले नाही.

अक्कांच्या घराची किल्ली माझ्याकडे होती, कुंड्यांना पाणी घालण्यासाठी. मी गेलेही. मागच्या बाल्कनीत छताला कपडे वाळवायच्या दांड्या आहेत, दोरीने वर-खाली होणाऱ्या. एका दांडीवर चादर होती, बाकीच्या वर ओढून ठेवलेल्या. पक्षी नव्हता. फरशीवर दोन-चार काटक्या आणि थोडी विष्ठा. मी पाच मिनिटे उभी राहिले आणि परत आले. बातमीदार असता तर स्टूल आणून बसला असता. मी आयुष्यभर दुसऱ्यांनी पाहिलेले तपासत आले. आपण जाऊन पाहणे हे कामात धरायची मला सवय नव्हती.

दोनला काम सुरू व्हायचे होते. त्याआधी मी एक वाक्य तयार केले, कागदावर लिहून, दोन शब्द बदलून. मुलाला देवनागरी नीट वाचता येत नाही, म्हणून फोन करून वाचून दाखवले.

"पीस ठिपकेवाल्या होल्याचं असण्याची शक्यता अधिक आहे. तथापि ते कबुतराचं नाहीच, असं खात्रीनं सांगता येत नाही."

"तथापि म्हणजे काय आंटी?"

"पण."

"ओके. म्हणजे कबूतर असू शकतं?"

"शक्यता नाकारता येत नाही."

मागे अक्कांचा खोकला ऐकू आला.

"मग सरी, ठीक आहे आंटी. मी रिस्क नाही घेत. थँक्यू, हां, एवढा त्रास घेतलात."

फोन ठेवल्यावर मला बरे वाटले, हे इथे नोंदवले पाहिजे. काम चोख झाल्यासारखे वाटले. मी दोन वाजता लॉग-इन केले आणि नऊपर्यंत काम केले.

डॉक्टरांनी मंगळवारी काय म्हटले ते मला माहीत नाही. कबुतराचे पीस सापडले, एवढेच त्यांना सांगितले गेले असणार. माझ्या वाक्याचा पहिला अर्धा भाग तिथपर्यंत पोचायचे काही कारण नव्हते. पुढच्या शनिवारी अक्का सामान भरायला आल्या. दोन दिवस राहिल्या, मुलगा आणि सून सोबत होते. स्वयंपाकघरातली भांडी वर्तमानपत्रांत गुंडाळली जात होती. मी मदतीला गेले, पण कशाला हात लावावा ते कळेना. अक्का पलंगावर बसून सूचना देत होत्या.

"तो रुब्बायचा दगड बेड, नको तो, तिकडं मिक्सर हाय. आणि हे बघ, ही कढीलिंबाची कुंडी हिला दे. हिच्या फोडणीत नुसतं मीठ असतंय."

सून बाहेर गेली तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या.

"पारिवाळाचं म्हणालीस म्हणे."

"तसं नाही म्हटलं मी. नाकारता येत नाही, असं म्हटलं."

"हं."

त्या साडीच्या काठावरचा धागा ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणखी काय सांगायचं हाय काय तुला?"

मी म्हणाले, "औषधं वेळेवर घेत जा."

"घेते की," त्या म्हणाल्या, आणि सुनेला हाक मारून डब्यांची झाकणे मोजायला सांगितली.

त्या गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी कुंड्यांना पाणी घालायला गेले. मागचे दार उघडताना आवाज झाला आणि वर ओढलेल्या दांड्यांच्या कोपऱ्यातून, कप्पीच्या जवळून, एक मान बाहेर आली. फिकट विटकरी छाती, मानेवर काळ्या पट्टीत पांढऱ्या ठिपक्यांची दाटी. मी हलले नाही, तीही हलली नाही. दोन दांड्यांवर मिळून पंधरा-वीस काटक्या रचलेल्या होत्या, खालून छत दिसेल इतक्या विरळ. दहा मिनिटांनी दुसरा होला आला. त्यांची अदलाबदल झाली, आणि पहिला जाताना त्याची शेपटी पंख्यासारखी उघडली. कडेची पिसे काळी, टोके पांढरी. त्यातले एखादे गळालेले होते का, हे मला एवढ्या वेळात पाहता आले नाही. तपासायचे काही उरलेही नव्हते.

मी तिथूनच मुलाला फोन केला. चूक झाली तर चूकदुरुस्ती त्याच दिवशी द्यायची, हाही डेस्कचाच नियम.

"होला आहे. मी आता प्रत्यक्ष पाहिला. घरटं आहे. कबूतर नाही."

"अरे, हो? सरी सरी. गुड. बट आंटी, आता अम्मा सेटल झालीये. आणि त्या फ्लॅटला टेनंट पण मिळाले, आयटीतली तीन मुलं. पुढच्या महिन्यात येतात."

"तू म्हणाला होतास, कबूतर नसेल तर..."

"हो ना. पण तेव्हा शुअर नव्हतं ना कोणीच."

ते खरे होते.

महिनाअखेर रंगारी आले. त्यांनी दांड्या उतरवून भिंतीला टेकवून ठेवल्या. घरट्याचे काय झाले ते मी विचारले नाही. भाडेकरू चांगले आहेत. जिन्यात भेटले की हिंदीत नमस्कार करतात. सकाळी साडेनऊला त्यांची बाल्कनी रिकामी असते, ते तेव्हा झोपलेले असतात किंवा निघून गेलेले. मी सुरुवातीला कॉफी तिथे घ्यायचे. नंतर आत घेऊ लागले.

पावसाळ्यात मुलगा अक्कांची आलेली पत्रे न्यायला आला. अक्का कशा आहेत, खोकला कसा आहे, मी विचारले.

"खोकला गेला आंटी. कधीच गेला. ते बीपीच्या गोळीमुळं होतं म्हणे. दुसऱ्या डॉक्टरनं गोळी बदलली, पंधरा दिवसांत बंद."

"म्हणजे पक्ष्यांचा संबंध नव्हता."

"काहीच नाही. बघा ना, सुम्ने सगळं."

सुम्ने म्हणजे उगीच. तो हसत म्हणाला, त्यात मला लागावे असे काही नव्हते.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मी बेळ्ळंदूरला गेले. छापील चूक असेल तर दुरुस्ती छापतात. ज्याचे नुकसान झाले त्याला भेटून सांगायची पद्धत आमच्याकडे नव्हती, पण इथे मला दुसरा मार्ग दिसेना. अंतर फारसे नाही, कॅबला एक तास वीस मिनिटे लागली. गेटवर नाव लिहिले, फोटो काढला, मग वरून कोणी तरी होकार दिल्यावर आत सोडले. अक्कांचा मजला सोळावा. काचा बंद होत्या, गाड्यांचा आवाज येत नव्हता, बाकीचाही नाही. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत. अक्का सोफ्यावर होत्या, थोड्या जाड झालेल्या, खोकला नव्हता.

"या या. पेपर बंद पडला काय?"

"नाही अक्का, चालू आहे."

"मग आज किती मेले?"

मी त्यांना सांगितले. आकडा सांगितला, मग जे सांगायला आले होते ते. पीस होल्याचेच होते, मला त्याच दिवशी दिसले होते. ते होल्याचे निघाले तर तुम्ही राहाल, म्हणून मला ते होल्याचे हवे होते, आणि हवे होते म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी मध्ये अडवले नाही. मी बोलणे संपवले तेव्हा त्या खिडकीकडे बघत होत्या.

"गुब्बीचं, चिमणीचं म्हणाली असतीस तरी त्यानं नेलंच असतं," त्या म्हणाल्या. "वर्षभर मागं लागला होता."

हे खरे होते की माझ्यासाठी म्हटलेले होते, ते मला ठरवता आले नाही. अजूनही ठरवता आलेले नाही.

"पण मी इचारलं होतं तुला. त्या दिवशी, सामान बांधताना."

"काय?"

"आणखी काय सांगायचं हाय काय म्हणून. त्याचा प्रश्न पिसाचा होता. माझा नव्हता." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "राहा म्हणाली असतीस तर मी त्याच्याशी भांडले असते ग. जिंकले नसते. पण भांडले असते. आपण कुणाला तरी पाहिजे हाय म्हटल्यावर भांडायला बळ येतंय. तू म्हणालीस, औषध घे."

स्वयंपाकघरात कामवाली बाई कानडीत फोनवर बोलत होती. अक्कांनी तिला मोठ्याने काही सांगितले, आणि ती दोन ताटे काढू लागली.

"बस आता. ऊटा करून जा. सारू हाय, पल्या हाय. सांजपर्यंत इथं कुणी येत नाही, मी त्या टीव्हीशी बोलते."

बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. मी म्हणाले, दोनला काम सुरू होतं, ट्रॅफिक फार आहे, निघायला हवं.

"सरी," अक्का म्हणाल्या. "काम असलं तर काय करणार."

त्या दारापर्यंत आल्या. लिफ्टचे दार बंद होईपर्यंत उभ्या होत्या. त्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती.